सरकारचा सातबारा

सगळ्या सरकारी मालमत्तेची नोंद एकाच डेटाबेसमध्ये आणायची, सगळ्या खात्यांनी तीच वापरायची, असा विषय निघाला की तालुक्याच्या कोर्टात जमिनीचे दावे चालवणारा माणूस म्हणून मला बरंही वाटतं आणि हसूही येतं. कल्पना चांगलीच आहे. पण त्यात भरणार काय?

तलाठी भाऊसाहेबांकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) सरकारी जमिनींसाठी गाव नमुना एक-ब ही नोंदवही. वनजमिनी एक-अ मध्ये, अतिक्रमणं एक-ई मध्ये. शहरात सातबाराऐवजी मिळकत पत्रिका. ग्रामपंचायत, झेडपी, बांधकाम, पाटबंधारे यांच्या नोंदवह्या आपापल्या. जमिनीच्या एकाच गटाबद्दल या सगळ्या एकसारखं सांगतील तर शपथ! नावांचं तर विचारूच नका. सातबारावर कुठे 'सरकार', कुठे 'महाराष्ट्र शासन', कुठे 'सा. बां. विभाग', कुठे 'कार्यकारी अभियंता', तर एखाद्या जुन्या उताऱ्यावर अजून 'बी अँड सी', म्हणजे बांधकाम खात्याचं जुनं नाव. आपल्याला कळतं की हे सगळं एकाच घरचं. कॉम्प्युटरच्या लेखी पाच मालक.

सगळ्यात मोठा घोळ भूसंपादनात. रस्त्याला जमीन घेतली, मोजणी झाली, निवाडा झाला, पैसे वाटले, ताबा पावती झाली. पुढे भूमी अभिलेखकडून कमी-जास्त पत्रक, म्हणजे आपलं कजाप, व्हायचं आणि त्यावरून फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, पडून मूळ मालकाचं क्षेत्र कमी व्हायचं. नेमकं इथेच घोडं अडतं. रस्ता झाला, फीत कापली, साहेबांची बदली झाली. कजापच्या मागे कोण लागणार? जमीन कागदावर जुन्या मालकाचीच राहते. पुढे वारस लागतात, डिजिटल सहीचा सातबारा काढून कर्ज उचलतात, प्लॉट पाडून विकतात. घेणाऱ्याला तरी काय बोलायचं, त्याने सरकारी वेबसाइटवरचाच उतारा पाहिलेला असतो.

मध्यंतरी झेडपी शाळेचे एक गुरुजी आले होते. शाळेची जागा कुणा भल्या माणसाने पूर्वी तोंडी दिलेली, बक्षीसपत्र नाही. आता नातू कुंपण घालू देईना. गुरुजींनी प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडला. वीजबिल होतं, खोल्यांच्या बांधकामाचा दाखला होता, जुन्या तपासणीचा शेरा होता. मालकीचा एकही नाही. ही शाळा नव्या डेटाबेसमध्ये कुणाच्या नावावर चढवणार?

लष्कराचं उदाहरण बघा. संरक्षण खात्याने जमिनींच्या नोंदी 'रक्षा भूमी' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच घातल्या होत्या. तरी 2018 पासून प्रत्यक्ष मोजणी करावी लागली, टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र आणि ड्रोन लावून. जानेवारी 2022 मध्ये ती पूर्ण झाल्याचं जाहीर झालं: सुमारे 17.78 लाख एकर, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच सगळी. अनेक ठिकाणी राज्याचे महसूल अधिकारी सोबत घेतले होते, आणि मला त्यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. दोन खाती एकाच बांधावर उभी राहिली की वाद जागेवरच कळतो.

गायरानांचं याच्या उलट. अतिक्रमणं काढण्याचा शासन निर्णय 12 जुलै 2011 चा. 2022 मध्ये हायकोर्टाने विचारणा केली तेव्हा दोन लाखांहून जास्त अतिक्रमणांचा आकडा पुढे आला. पण त्याच गायरानांवर 14 एप्रिल 1990 पर्यंत शेती करत असलेल्या दलित, भूमिहीनांचे ताबे नियमित करण्याचा 1991 चा निर्णयही आहे, आणि त्यातल्या कित्येकांचं नाव अजून सातबारावर चढलेलं नाही. नोंदीतला आळस दोन्हीकडे सारखाच. अर्धवट यादी एकदा डेटाबेसमध्ये गेली की हीच माणसं आधी 'अतिक्रमक' ठरणार.

खात्यांनाही हे फार हवं असतं असं नाही. मोकळी जागा दिसली की दुसरं खातं मागणार, ही धास्ती. म्हणून डेटाबेस नुसता खात्यांपुरता नको, गावातल्या कुणालाही गट नंबर टाकून बघता आला पाहिजे.

आणि एक अट घाला. संपादित जमिनीचा फेरफार मंजूर झाल्याशिवाय त्या कामाचं अंतिम बिल निघणार नाही. मग बघा, ठेकेदारच कजापसाठी भूमी अभिलेखच्या दारात बसतो की नाही.