मीटर कमी, म्हणून गाडी चांगली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, त्यामुळे उत्तर दोन ओळींत उरकत नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी आधी वाद काय ते सांगतो. मी लिहिलं होतं की मुंबईत वापरलेली हॅचबॅक घेताना मीटरवरचा आकडा कमी दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. सात वर्षांत वीस हजार चाललेल्या गाडीपेक्षा साठ हजार चाललेली, पण वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी मी आधी बघायला जाईन. त्यावर तुमचं म्हणणं: हे उलटं शास्त्र झालं, कमी चालली म्हणजे कमी झिजली, यात वाद कसला? मुलुंडला राहणाऱ्या तुमच्या काकांची स्विफ्ट आठ वर्षांत २२,००० चालली आहे आणि अजून एकदम टकाटक आहे. दुसरं, मी सांगितलेली तपासणी कुठला विकणारा करू देतो? त्यापेक्षा वॉरंटी देणाऱ्या मोठ्या दुकानातून घ्यावी. तिसरं, कागदपत्रांना मी चारच ओळी दिल्या. आणि तुम्ही स्वतः चारकोपला सहा वर्षांची, १९,००० चाललेली, कंपनी फिटेड सीएनजी वॅगनआर बघून आला आहात आणि माझ्यामुळे घरात उगाच वाद सुरू झाला.

घरातल्या वादात मी पडत नाही. बाकीच्यात पडतो.

काकांच्या गाडीबद्दल तुम्हीच पुढे लिहिलंय की ती दरवर्षी गणपतीला आणि शिमग्याला कणकवलीला जाते, एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. मुलुंड ते कणकवली जाऊन-येऊन साधारण नऊशे किलोमीटर. दोन खेपांचे अठराशे. आठ वर्षांत २२,००० म्हणजे वर्षाला २,७५०. म्हणजे त्या गाडीचे तीनातले दोन किलोमीटर मुंबई-गोवा महामार्गावर झालेत, मुंबईत नाही. (त्या महामार्गाबद्दल आज बोलत नाही, सस्पेन्शनची कामं करणारे त्याला दुवा देत असतील.) वर्षातून दोनदा ते इंजिन दहा-बारा तास सलग, पूर्ण तापून चालतं, बॅटरी भरपूर चार्ज होते आणि निघण्याआधी काका गाडी नक्की गॅरेजला दाखवत असणार. काकांना तुम्ही माझ्या विरोधातले साक्षीदार म्हणून आणलंत, पण साक्ष ते माझ्या बाजूने देतायत.

आता मूळ मुद्दा. किलोमीटर चाकं मोजतात, इंजिन तास मोजतं. ३०,००० किलोमीटर ताशी ५० च्या सरासरीने झाले असतील तर इंजिन ६०० तास फिरलं. तेच ताशी १५ ने झाले असतील तर २,००० तास. सकाळी नऊ वाजता वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर किंवा एलबीएस रोडवर ताशी १५ मिळाले तरी आपण खूश असतो. आकडा एकच, इंजिनाचं वय तिपटीहून जास्त. आणि हे तास कसले? एसी चालू, पहिला-दुसरा गिअर, डावा पाय कायम हाफ क्लचवर. म्हणून मुंबईच्या गाडीत तीस-पस्तीस हजारांतच क्लच प्लेट संपलेली दिसते, तर साताऱ्याकडची तशीच गाडी दुप्पट चालूनही पहिल्याच प्लेटवर असते. एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली आणि आपोआप गिअर बदलणारी गाडी असेल तर आणखी जपून. त्यातही क्लच प्लेटच असते, फक्त ती दाबायचं काम पायाऐवजी ॲक्च्युएटर नावाचं यंत्र करतं. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणारा मालक असला की ती प्लेट जळते आणि पुढच्या मालकाला बिल येतं.

आता दुसरी जात, जवळजवळ न चाललेली गाडी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी, आठवड्यातून एकदा स्टेशनपर्यंत किंवा मुलांच्या क्लासपर्यंत. दोन किलोमीटरमध्ये इंजिन ऑइल पुरतं तापत नाही. आत साठलेला ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल उडून जात नाही, ऑइलमध्येच राहतं आणि हळूहळू काळा गाळ तयार होतो. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा, पिवळट साय दिसली तर बहुतेक वेळा हेच कारण असतं. मात्र इंजिन गार ठेवणारं कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या वरच्या भागातल्या सीलचा) संशय घ्यावा लागतो आणि तिथून मी तरी काढता पाय घेतो. शिवाय रबर किलोमीटर मोजत नाही. टायर, वायपर, सस्पेन्शनमधले रबरी बुश, होज पाइप वयाने कडक होतात. जुन्या सँट्रोसारख्या रबरी टायमिंग बेल्टच्या गाड्यांत बेल्ट ठरावीक किलोमीटर किंवा ठरावीक वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदलायचा असतो. मालक किलोमीटर बघत बसतो, वर्षं निघून जातात. आणि आपल्याकडचे उंदीर. उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्यांचा संसार थाटलेला असतो आणि कुरतडलेल्या वायरिंगचा दोष पावसाळ्यात कधीतरी उगवतो.

वरळी, वर्सोवा, बँडस्टँड अशा समुद्राकाठच्या पार्किंगमधली गाडी असेल तर दरवाजांची खालची कड, डिकीतली स्टेपनीखालची जागा आणि सायलेन्सर बघा. वरून पॉलिश केलेल्या गाडीचा गंज खालूनच दिसतो.

आता तुमचा दुसरा मुद्दा. कोण तपासू देतो? लिफ्टवर चढवून कोणी देणार नाही, खरं आहे. पण ज्याला कोणी नाही म्हणू शकत नाही अशा गोष्टी पुष्कळ आहेत. सकाळी जा आणि आदल्या दिवशीच सांगा की मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर का, ते विचारा. थंड इंजिनला सेल्फ मारताना मागे कुणाला तरी उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरी वाफ थोडा वेळ आली तर ठीक, गरम झाल्यावरही येत राहिली तर कूलंट जळत असण्याची शंका. मग एसी पूर्ण चालू करून गाडी पंधरा मिनिटं एका जागी उभी ठेवा. मुंबईत गाडी तापते ती चालताना नाही, सिग्नलला. रेडिएटरचा पंखा ठरावीक वेळाने लागतो का, एसीचा गारवा टिकतो का, एवढंच बघायचं. बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, नुसता दिवा असतो. म्हणून ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र, जवळ बाळगा. अंगठ्याएवढा असतो, स्टिअरिंगखाली लागतो, मोबाइलवर तापमान दिसतं. बिघाडाची नोंद ठेवणारे एरर कोड आदल्या रात्री पुसले असतील तर कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले, हेही बऱ्याच गाड्यांत वाचता येतं. तो आकडा दोन-तीन दिसला की मी विकणाऱ्याशी बोलणं कमी करतो.

चालवताना चौथ्या गिअरमध्ये ताशी तीसच्या आसपास ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाही, म्हणजे क्लच गेलाय. टॉवरमधली गाडी असेल तर पार्किंगचा रॅम्प रिव्हर्समध्ये चढवून बघा, दुबळा क्लच तिथे थरथरतो. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून हळू फिरवताना कट-कट आवाज आला तर चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलाय. स्पीडब्रेकरवर खडखड म्हणजे सस्पेन्शनमधला लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश. हे मात्र फार मनाला लावून घेऊ नका. आपल्या खड्ड्यांत ते सगळ्यांचेच जातात, खर्च आवाक्यातला असतो आणि भाव पाडायला उपयोगी पडतो.

ज्यावर अजिबात तडजोड करू नये ते पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाच्या गाड्या आता भंगारात गेल्या. पण हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे या पाणी तुंबणाऱ्या ठिकाणांची नावं दर पावसाळ्यात येतातच आणि बेसमेंट पार्किंगमध्ये भरलेल्या पाण्याची तर बातमीही होत नाही. हॅचबॅकची हवा खेचणारी नळी फार उंच नसते. पाण्यातून जाताना तिने पाणी ओढलं की ते सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन मात्र वर येत असतो, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. हा बिघाड साध्या विमा पॉलिसीत बहुधा बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. म्हणून कित्येक मालक तात्पुरतं काम करून गणपतीनंतर गाडी विकायला काढतात. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा हाताने उघडतात, आत गाळाची रेघ आहे का बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतला भाग मातकट निघाला तर थांबा. सीटखालच्या रुळांवरचा गंज बघा. आतल्या अत्तराचा वास जास्तच उग्र असेल तर मॅट उचलून हात लावा. आरसी बुकवरचा पत्ता वाचा, गाडीचे पावसाळे कुठे गेले याचा अंदाज येतो.

मोठ्या दुकानातून घ्यायला माझा विरोध नाही. वेळ नसलेल्यांनी तिथूनच घ्यावी. पण वॉरंटीचा कागद पूर्ण वाचा. ती बहुधा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या आतल्या भागांची असते. क्लच प्लेट, ब्रेक, बुश, टायर, बॅटरी यांना झिजणारे भाग म्हणून बाहेर ठेवलेलं असतं, आणि मुंबईच्या गाडीत नेमकं तेच झिजलेलं असतं.

कागदपत्रांना चार ओळी दिल्या कारण ते काम कंटाळवाणं असलं तरी अवघड नाही. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५, थकलेली ई-चलानं विकणाऱ्याकडून आधी भरून घेणं, आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घेणं. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

आता तुमची चारकोपची वॅगनआर. सहा वर्षांत १९,००० म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वातीन हजार. आणि गाडी सीएनजी. मला सांगा, जास्तीचे पैसे मोजून, डिकी टाकीला देऊन, पंपावर रांगा लावायची तयारी ठेवून सीएनजी कोण घेतो? ज्याला भरपूर फिरायचंय तो. असा माणूस वर्षाला सव्वातीन हजार चालत असेल तर एकतर त्याचं कामाचं ठिकाण किंवा आयुष्यच बदललं असेल, किंवा मीटर मागे घेतलेलं असेल. पहिलंही शक्य आहे, म्हणून गाडी सोडा असं म्हणत नाही. पण कारण विचारा आणि मग पडताळा.

टायरवर चार आकडी कोड असतो. समजा २३१९ असेल, तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. १९,००० वर टायर मूळचेच असायला हवेत. चारही नवे आणि स्टेपनी तेवढी जुनी असेल तर टायर बदलल्याचं बिल मागा, त्यावर बऱ्याचदा किलोमीटर लिहिलेले असतात. क्लच पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची उजवी कड १९,००० ला घासत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद मालकाला मिळू शकते, त्याच्यासमोरच मागवा. तिच्यात नुसते किलोमीटर बघू नका, दोन सर्व्हिसमधलं अंतर महिन्यांतही मोजा. सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुती तपासणं) दर तीन वर्षांनी लागते, म्हणजे या गाडीची एक होऊन गेलेली असायला हवी आणि दुसरी झालेली तरी हवी किंवा तोंडावर आलेली. सर्टिफिकेट हातात घेऊन तारीख वाचा. पेट्रोलवरही चालवून बघा, वर्षानुवर्षं गॅसवरच चाललेल्या गाडीचे इंजेक्टर पेट्रोलवर टाकल्यावर कुरकुरतात.

हे सगळं जुळलं तर खुशाल घ्या, फक्त टायर आणि बॅटरी वयाने संपत आली आहे असं धरून भाव बोला. टोकन मात्र सर्व्हिसची नोंद बघेपर्यंत देऊ नका. दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय असं एजंट म्हणेल, ते दरवेळी येतच असतं.