वारकरी, तांबट, पावशा आणि ती 'प्रमाण' यादी

पक्ष्यांची मराठी नावं एकदाची ठरवून टाका, एका पक्ष्याला एकच नाव अशी प्रमाण यादी करा, बाकीची गावठी सोडून द्या, असं म्हणणारं कोणीतरी दर हिवाळ्यात भेटतंच आणि मग आमचं वाजतं. यावेळी सगळं इथेच लिहितोय, लांबलं तर लांबलं.

थंडीत नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलात की पाण्यावर काळ्या पक्ष्यांचे थवेच्या थवे दिसतात, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. इंग्रजीत कूट. आपल्याकडे वारकरी! इकडे पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या त्र्यंबकच्या रस्त्याला लागलेल्या असतात आणि तिकडे हे टिळा लावून घोळक्याने पाण्यावर, तोंड एक मिनिट बंद नाही. काही जण त्यालाच चांदवा म्हणतात, तेही मस्तच. आता सांगा, यादीतून यातला कोणाला हाकलायचा?

तांबट पक्षी घ्या. जुन्या नाशकात भांडी बाजाराकडे ज्याने तांब्यावर हातोडी पडताना ऐकलीये त्याला तो टुक टुक टुक आवाज वेगळा समजवावा लागत नाही. इंग्रजांनी पण त्याला कॉपरस्मिथच म्हटलं, म्हणजे कान सगळ्यांचे सारखेच. शास्त्रीय नावात मात्र आहे 'हिमासेफॅलस', म्हणजे रक्तासारख्या लाल डोक्याचा. 1776 सालचं नाव आहे, पक्षी फिलिपिन्सचा आणि नाव ठेवणारा प्रोफेसर जर्मनीत, तो आवाज कुठून ऐकणार, डोकं लाल दिसलं ते लिहिलं. माझी तक्रार नाही हां. जगभर एकच नाव पाहिजे ना, मग ते काम लॅटिन नाव चोख करतंय की. तेच काम परत मराठीच्या डोक्यावर कशाला?

आणि पावशा! उन्हाळा तापला की "पेरते व्हा, पेरते व्हा" सुरू. हिंदीवाल्यांना त्याच आवाजात "पी कहाँ" ऐकू येतं, म्हणजे विरह, आणि साहेबाला ऐकू आलं "ब्रेन फीवर", म्हणजे उकाड्याने डोकं फिरलेलं 😄 ज्याचं त्याचं दुखणं. आमच्या निफाडकडे त्या दिवसांत द्राक्षाची खरड छाटणी चाललेली असते, त्यामुळे त्याने खरं तर "छाटते व्हा" ओरडायला पाहिजे, पण नाव द्राक्षांच्या आधीचं आहे.

समोरच्याचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाहीये. पाकोळी म्हटलं की कोणाला फुलपाखरू आठवतं, कोणाला तो भिरभिरणारा पक्षी. सिन्नर-निफाडच्या उसात "वाघ आला" म्हणजे बिबट्या, पट्टेवाला पाहिजे तर ढाण्या म्हणा, हे गावात शेंबड्या पोराला कळतं पण बाहेरच्याची फाटते. आणि एक नाव तर मलाही नकोय, दुतोंड्या. मांडूळ सापाची शेपटी बोथट असते म्हणून दुसरं तोंड वाटतं, एवढंच. पण त्या नावावर गुप्तधनाचे किस्से रचले आणि त्या बिचाऱ्याची तस्करी होते. 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे तरी होते. तिथे मी म्हणेन मांडूळच म्हणा आणि शेपटी दाखवून समजावून सांगा.

पण यादीवाले तिथे थांबत नाहीत ना. ते इंग्रजी नाव घेतात आणि शब्दाला शब्द लावतात. अमक्या भुवईचा, तमक्या पोटाचा. पाण्याकाठी शेपटी सारखी खालीवर आपटणारा तो धोबी, गोदाघाटावर कपडे आपटताना बघितलेल्या माणसाचं नाव आहे ते, त्याला "पांढऱ्या भुवईचा" जोडून काय मिळालं? आणि ज्यांच्याकडून आपण नावं उचलतोय ते स्वतःच बदलायला बसलेत. अमेरिकेतल्या पक्षीशास्त्राच्या संस्थेने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केलं की माणसांवरून ठेवलेली पक्ष्यांची इंग्रजी नावं बदलणार. आपल्या दख्खनच्या चंडोलाचं इंग्रजी नाव अजून कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने चालतंय. गंमत म्हणजे त्याच साइक्सने 1832 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं त्यात 'देवा' आहे. आपल्याकडे माणसाचं नाव म्हटलं तर भारद्वाज, तोही ऋषी, आणि गावात तो कुंभारकावळाच (सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, कुंभारकावळा दिसला तर कोणी स्टेटसला टाकत नाही).

मला खरी काळजी आहे ती अभयारण्याजवळच्या गावातल्या गाईड पोरांची. नजर अशी की आपण दुर्बीण लावेपर्यंत पक्षी ओळखलेला असतो, पण तोंडात मार्श हॅरियर, पर्पल हेरॉन. त्यांची चूक नाही, गिऱ्हाइकाला ॲपमध्ये तेच टाकायचं असतं. घरात म्हातारी माणसं काय म्हणतात हे त्यांना कोणी विचारतच नाही. मारुती चितमपल्लींनी वनखात्याची नोकरी करता करता जंगलातल्या माणसांकडून असे कितीतरी शब्द गोळा केले. आपल्याला तर घरबसल्या फोन करायचाय.

यादी करायचीच असेल तर माझं मत असं, सगळी नावं ठेवा, समोर गाव लिहा आणि ते नाव का पडलं ते लिहा. शास्त्रीय नाव पहिल्या रकान्यात, गोंधळ तिथेच मिटतो. नाशिक जिल्ह्यातल्यांनी कमेंटमध्ये सुरुवात करा. लांब लाल पायांचा शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी आणि वेडा राघू, या तिघांना तुमच्या गावात काय म्हणतात? आजीला विचारून टाका, गूगलवरून नको.