सेवाभाव असला की थकवा येत नाही, असे म्हणणाऱ्यांना

कोरोनाकाळातील परिचारिकांविषयीचा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरत फिरत आमच्या घरच्या ग्रुपवरही आला. यवतमाळ जिल्ह्यातील एका सरकारी रुग्णालयात दोन्ही लाटांत कोविड वॉर्ड सांभाळणारी माझी वहिनी त्याच ग्रुपवर आहे. संदेश म्हणतो की ‘बर्नआउट’, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाणे, हे शहरी खूळ आहे, परिचारिकांना ड्युटीनंतर चौदा दिवस सुटी आणि वर ५० लाख रुपये मिळाले, खऱ्या सेवाभावी माणसाला थकवा येतच नाही, आणि रुग्णांवर खेकसणाऱ्या सिस्टरांमध्ये माणुसकीच नव्हती. वहिनीने तो वाचला आणि ती गप्प राहिली, म्हणून हे उत्तर.

ते ५० लाख विम्याचे होते. कोविडच्या कामात मृत्यू आला तरच ते वारसांना मिळणार होते. मरणाच्या भरपाईला कमाई म्हणणे निर्दयपणाचे आहे. सुटीची गोष्ट अर्धी खरी आहे, कारण सुरुवातीला ड्युटीनंतर विलगीकरण मिळत असे; परंतु जास्त जोखमीचा संपर्क झालेला नसल्यास त्याची गरज नाही, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे २०२० मध्येच कळवले होते. शिवाय लेकरांपासून दूर एका खोलीत, आपल्याला लागण झाली की काय या धास्तीत काढलेल्या दिवसांना सुटी म्हणता येत नाही.

खरा संताप येतो तो सेवाभावाच्या मुद्द्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने आजार व आरोग्याच्या तक्रारींच्या आपल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली आहे: कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की उद्भवणारी अवस्था. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत: शक्ती संपून जाणे, कामापासून मन दुरावून त्याविषयी कटुता येणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे. म्हणजे ज्या तुटकपणाला हा संदेश माणुसकीच्या अभावाचा पुरावा ठरवतो, तोच या अवस्थेचे लक्षण असू शकतो. काही रुग्णांना कठोर शब्द ऐकावे लागले, हे मी नाकारत नाही, आणि आजारपणात ते फार लागतात. पण विदर्भातल्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जात असताना, कूलरची हवाही आत पोहोचत नाही अशा पीपीई किटमध्ये, लघवीला जाता येणार नाही म्हणून पाणी न पिता तासन् तास उभ्या राहिलेल्या बाईच्या आवाजात गोडवा कुठून येणार? नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता, त्यामुळे अखेरच्या घटकेला रुग्णाच्या कानाशी फोन धरणारी तीच, आणि त्यानंतर लगेच शेजारच्या खाटेवरचा ऑक्सिजन तपासणारीही तीच होती. रडायलाही तिला वेळ नव्हता.

बर्नआउट शहरी आहे म्हणणाऱ्यांनी फेब्रुवारी २०२१ आठवावा. दुसऱ्या लाटेतील वाढ आधी दिसू लागली ती अमरावती, यवतमाळ, अकोला याच भागात.

शेवटी संदेशात प्राणायामाचा सल्ला आहे. ज्याला त्याने बरे वाटते त्याने तो जरूर करावा. परंतु भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका रुग्णामागे एक परिचारिका असायला हवी, आणि त्यासाठी रिक्त पदे भरावी लागतील.