पाच ते आठ

आमच्या इचलकरंजीत यंत्रमागाची दिवसपाळी रात्री 8 ला सुटते. शाळा सुटते 5 ला. मधले 3 तास पोरं कुणाची?

आमच्या गल्लीत बाप मागावर, आई मेंडिंगला, म्हणजे कापडातले दोष काढायला, नाहीतर सुताच्या कांड्या भरायला. पोरं दप्तर टाकून रस्त्यावर, नाहीतर मोबाइलमध्ये. थोरली मुलगी असेल तर तिच्या कडेवर धाकटं. यात आईबापांना दोष देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. जितकं कापड निघेल तितकी मजुरी, मग माग सोडून कुणी घरी यायचं कसं?

जूनपासून आम्ही पाचजणी तरुण मंडळाच्या खोलीत पोरांना बसवतोय. गणपती सोडले तर ती खोली वर्षभर कुलपातच असायची. मंडळाच्या मुलांनी किल्ली दिली, पंखाही बसवून दिला. पहिल्या आठवड्यात आम्ही चुकलो. पोरं आली की लगेच वह्या काढायला लावायचो. पोरं पेंगायची, चिमटे काढायची. चौथ्या दिवशी दुसरीतली एक पोरगी हळूच म्हणाली, "काकी, पोटात दुखतंय." दुखत नव्हतं, भूक लागली होती. शाळेतली खिचडी दुपारची, त्यानंतर पोटात काहीच नाही. तेव्हापासून आधी चुरमुरे-शेंगदाणे, मग खेळ, मग पुस्तक. आता तीच पोरगी सगळ्यांना धडा मोठ्यानं वाचून दाखवते.

"वर्गणी किती देऊ?" असं बरेचजण विचारतात. वर्गणी हवीच, चुरमुरे रोज लागतात. पण माणूस त्याहून जास्त हवाय. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 मध्ये ठरवलं, संध्याकाळी 7 ला भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. पोरांच्या अभ्यासासाठी तिथं मोठ्यांनी आपला वेळ बाजूला काढला, मला त्यातलं हेच मोलाचं वाटतं.

शिकवता यायलाच हवं असं नाही. निवृत्त शिक्षक या, रिकामे असलेले आजोबा या, कॉलेजची पोरं या. जवळ बसा, वाचलेलं ऐका, पाढे म्हणून घ्या. आठवड्यातून एक संध्याकाळ द्या.

आमच्यातल्या एकीला कामाची वेळ बदलून मिळाली, त्यामुळे गुरुवार मोकळा पडलाय. गेल्या गुरुवारी खोली उघडलीच नाही. मी साडेसहाला तिथून जात होते, तर अकरा पोरं दप्तरं मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली.

या गुरुवारी कोण येतंय?