आठवड्याला एक रंगीत पान

आमच्या जुन्या प्रिंटरचा एक बाणा होता. पिवळी शाई संपली की तो काळं अक्षरही छापायचा नाही. भाडेकराराची प्रत हवी असायची, त्यात पिवळ्याचा ठिपकाही नसायचा, पण साहेबांना आधी पिवळं पाहिजे. यामागे शास्त्र आहे म्हणतात. या जातीच्या प्रिंटरमध्ये शाई केसाहून बारीक भोकात एका इवल्याशा हीटरवर उकळते आणि तिचा थेंब कागदावर उडतो. शाई नसताना हीटर तापला तर तो जळतो. मान्य. पण पिवळ्याचा हीटर जळेल म्हणून काळ्यालाही सुट्टी, हे सरकारी कार्यालयातच शोभतं.

तो गेला तोही छापता छापता नाही, साफसफाई करता करता. शाई उडवणारं हेड स्वच्छ करायला हे यंत्र अधूनमधून शाईची चूळ भरतं आणि तळाशी एका जाड पॅडवर टाकतं. किती चुळा झाल्या याची नोंद ते स्वतःच ठेवतं आणि आकडा भरला की कामच बंद करतं. सर्व्हिस सेंटरातल्या मुलाने झाकण न उघडताच सांगितलं, "काका, पॅड भरलं. दुरुस्तीत थोडे घातले तर नवाच येईल." म्हणजे मी इतकी वर्षं सोन्याच्या भावाने जी शाई आणत होतो, तिचा बराचसा भाग त्या पॅडने प्यायला होता.

नवा टाकीवाला घेतला. खोक्यावर लिहिलं होतं, काळ्याच्या बाटलीत 4,500 पानं आणि रंगीत तिन्ही बाटल्या मिळून 7,500. आमच्या घरात वर्षाला फार तर 50 पानं निघतात. बायकोने तोंडी हिशेब केला, "काळी 90 वर्षं पुरेल. मृत्युपत्रात कोणाच्या नावे करायची, ते आत्ताच ठरव."

बाटल्या ओतणं सोपं होतं. पुढे वाय-फाय आलं. आमचा राउटर 5 गिगाहर्ट्झवर ऐटीत चालतो, नव्याकोऱ्या प्रिंटरला मात्र 2.4 खेरीज काही कळत नाही. फोनवर ॲप घेतलं, तर ते म्हणे आधी लोकेशन द्या. मी घरात, प्रिंटर घरात, मग हरवलंय कोण? दिलं लोकेशन. तरी 'प्रिंटर सापडला नाही'. तो हाताच्या अंतरावर नारिंगी दिवा लुकलुकवत बसला होता. त्याला स्क्रीन नाही, जे बोलायचं ते दिव्यांनीच. सावकाश लुकलुकला तर एक अर्थ, भरभर लुकलुकला तर दुसरा, दोन दिवे आळीपाळीने लागले तर तिसरा. अण्णा चष्मा लावून पुस्तिका घेऊन बसले. "ह्याला सावकाश म्हणायचं का रे?" मी म्हटलं, "मध्यम." मध्यम पुस्तिकेत नव्हतं.

शेवटी यूएसबीची वायर लावायची ठरली. ती अर्थातच खोक्यात नसते. सोबत सीडी मात्र असते, आणि लॅपटॉपला सीडीचं तोंडच नसतं.

पहिलं पान निघालं तेव्हा टाळ्या पडल्या. पण दुकानदाराने जाता जाता सांगितलेलं वाक्य तेव्हा ध्यानात आलं नव्हतं, "आठवड्याला एक रंगीत पान काढत जा, नाहीतर हेड सुकतं." पुण्याच्या मे महिन्यात तर सुकणारच. प्रश्न असा की काढायचं काय? मुलीच्या शाळेला आता सगळं पीडीएफमध्ये लागतं. आधार कार्डाची प्रत कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला काढून देतो, वर सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट देतो. घरात छापण्यासारखं काही उरलेलंच नाही, आणि छापलं नाही तर यंत्र मरतं.

हे खातं अण्णांनी आपण होऊन घेतलं. दर रविवारी सकाळी फोनवर आलेला 'शुभ रविवार' ते छापतात. गुलाब, उगवता सूर्य, दोन पोपट, खाली सुविचार. चारही रंग लागले पाहिजेत, यावर त्यांचा कटाक्ष असतो. गुलाबाला निळं लागत नाही म्हणून गेल्या खेपेला मोर काढला. फ्रिजचं दार भरलं, आता कपाटाची पाळी आहे.

समोरच्या काकू परवा विरजण मागायला आल्या आणि मोरापुढे थबकल्या. "अण्णा, पुढच्या रविवारी दत्तगुरू काढा ना. मोठे. मी लॅमिनेट करून घेते."

अण्णा मला म्हणाले, "फोटो पेपर आण. चकचकीत."