२५२०चं कौतुक करा, पण खरं

साताऱ्यातल्या आमच्या घरच्या ग्रुपवर रविवारी मामांचा तोच मेसेज पुन्हा आला. "२५२० ही जगातली एकमेव विचित्र संख्या. १ ते १० सगळ्यांनी निःशेष भाग जातो. अशी संख्या असूच शकत नाही असं गणितज्ञ मानत होते, ती रामानुजन यांनी शोधली. रहस्य: आठवड्याचे ७ × महिन्याचे ३० × वर्षाचे १२!" खाली जोडलेल्या हातांची रांग. मामा, तुमचा मान राखून एकेक घेते.

भाग जातो, हे खरं. २५२० कंदी पेढे सात घरांत वाटा, प्रत्येकी ३६०. आठ घरांत ३१५. नऊ घरांत २८०. एकही उरत नाही.

'एकमेव' मात्र नाही. २५२०चा पाढा म्हणा: ५०४०, ७५६०, १००८०... लाखाच्या आतच अशा ३९ संख्या आहेत आणि पुढे अंत नाही. २५२० त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे शाळेत काढायचो तो लसावि.

'असूच शकत नाही' असं कुणी मानलं? १ ते १० एकमेकांना गुणा, ३६,२८,८०० येतात. त्याला दहाही जणांनी भाग जाणारच! प्लेटोने आदर्श नगरीत ५०४० जमीनधारक असावेत असं सुचवलं, ते वाटणी सोपी व्हावी म्हणूनच. १ ते १० सगळ्यांनी भाग जातो हे त्याने नोंदवलंय. रामानुजन यांच्या जन्माआधी दोन हजारांहून जास्त वर्षं.

आता ते 'रहस्य'. ३० × १२ म्हणजे ३६०, आणि ३६०ला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही. ८ कसा जमतो? ३० मधला एक २, १२ मधले दोन. ९? दोघांतला एकेक ३. राहिला हट्टी ७, तो आठवड्याने पुरवला. गुणाकारातून मोजलं जातं ते काय, तर ३६० दिवसांची सात वर्षं. भिंतीवरच्या कॅलेंडरात असलं वर्ष नाही. बारा महिन्यांच्या तिथी ३६० होतात खऱ्या, पण वार तिथीच्या चालीने चालत नाहीत. तिथीचा क्षय होतो, सोमवारचा कधी झालाय?

रामानुजन यांचं नाव मात्र अगदीच हवेतून आलेलं नाही. १९१५ साली त्यांचा एक मोठा निबंध प्रसिद्ध झाला, आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांवर. २५२० त्यांतली एक: विभाजक ४८. तिच्या आधीची १६८०, तिचे ४०. पण २५२० काढणं सातवीतल्या पोरालाही जमेल. रामानुजन यांनी अशा सगळ्या संख्यांची घडण उलगडली. २५२० फोडा: २ तीनदा, ३ दोनदा, ५ आणि ७ एकेकदा. पुढची मूळ संख्या मागचीपेक्षा जास्त वेळा कधीच येत नाही, आणि शेवटची येते एकदाच. याला अपवाद दोनच, ४ आणि ३६. पुढे कितीही मोठ्या संख्येपर्यंत जा, तिसरा सापडणार नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. मामा, हे पाठवलं असतंत तर पहिला नमस्कार माझा असता.