'मुंबईकर कशालाही सरावतो' या दाव्याचा प्रतिवाद

दर पावसाळ्यात मुंबईतल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो. जो परिस्थितीशी जुळवून घेतो तोच टिकतो, असे डार्विन सांगून गेला. मुंबईकराला गर्दी, गोंगाट, तुंबलेले पाणी या सगळ्याची सवय झाली आहे. आणि ज्याला त्रास होतो तो मनाने कच्चा, असा त्याचा आशय. यातले एकही विधान तपासणीत टिकत नाही.

पहिले म्हणजे ते वाक्य डार्विनचे नाही. व्यवस्थापनशास्त्राचे अमेरिकी प्राध्यापक लिऑन मेगिन्सन यांनी १९६३ साली डार्विनच्या विचाराचा सारांश आपल्या शब्दांत मांडला आणि पुढे तोच डार्विनच्या नावावर खपू लागला. नैसर्गिक निवड पिढ्यान्‌पिढ्या बदलणाऱ्या समूहांत घडते. एखाद्या नोकरदाराचे विरार लोकलला सरावणे तिच्यात बसत नाही.

दुसरे, अनुकूलन नेहमी हिताचेच ठरते असेही नाही. समुद्री कासवाची पिल्ले रात्री वाळूतून बाहेर पडताच सर्वांत उजळ क्षितिजाकडे सरपटतात. काळोख्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचे असल्यामुळे ही उपजत ओढ त्यांना तारत आली. परंतु किनाऱ्यालगत दिवे लागले की तीच ओढ त्यांना रस्त्याकडे नेते. २०१८ च्या मार्चमध्ये वर्सोव्याला ऑलिव्ह रिडलेची पिल्ले दिसली तेव्हा सर्वांना आनंद झाला, पण उजळलेल्या शहरी किनाऱ्यावर हा धोका कायमच असतो. यात पिल्लांचा दोष काहीच नाही. परिसर बदलला आणि जुना गुण घातक ठरला. जीवशास्त्रातील विपरीत अनुकूलनाचा हा एक ठळक प्रकार आहे.

सवय झाली म्हणजे इजा थांबली, हेही खरे नाही. रुळांलगत राहणाऱ्याला गाडीच्या आवाजाने जाग येईनाशी होते, तरी झोपेत त्याच्या हृदयाचे ठोके वाढतच राहतात.

'मनाने कच्चा' हा शेरा मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. गर्दीत जीव घाबरला म्हणून एखादी बाई दादरला लोकल सोडते, धडधड लगेच थांबते, आणि त्या सुटकेमुळेच टाळण्याची सवय पक्की होऊन भीती टिकून राहते. मानसशास्त्र याला कुसमायोजन म्हणते: तात्पुरता आराम देणारी, पण पुढे नोकरी नि वावर आक्रसवणारी ही शिकलेली वागणूक आहे, आणि टप्प्याटप्प्याने भीतीला सामोरे जाण्याच्या उपचाराने ती बदलता येते. दारात लोंबकळताना वाटणारी भीती मात्र कुसमायोजन नाही. ती योग्यच आहे आणि तिची सवय करून घेण्याचा सल्ला कोणी देऊ नये.